गाव किती दिवस पुरतं?

सुट्टीवर लिहिणारे पुष्कळ आहेत. समुद्र, सूर्यास्त, सोलकढी, झालंच तर सिंधुदुर्ग किल्ल्यासमोरचा फोटो. सुट्टी संपल्यानंतरच्या पंधरा दिवसांवर मात्र कोणी लिहीत नाही, कारण तेव्हा कोणाला वेळच नसतो. यंदा मी ठरवून नोंदी ठेवल्या. सॉफ्टवेअरवाल्याला लॉग लिहायची खोड असते, ती अशी कामाला आली. प्रश्न एकच होता: मालवणहून बांधून आणलेलं गाव ठाण्याच्या फ्लॅटमध्ये किती दिवस पुरतं?

आधी मालाचा हिशोब. मेच्या शेवटी कुडाळला गाडीत चढलो तेव्हा माणसं चार आणि नग अकरा. (मालवणला रेल्वे नाही. कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ पासून पूर्ण मार्गावर धावायला लागली, पण मालवणकराला आजही कुडाळ नाहीतर कणकवली गाठावी लागते.) त्या अकरा नगांत पाच डझन हापूस, उकडे तांदूळ, कुळथाची पिठी, आमसुलं, आगळाच्या दोन बाटल्या, मालवणी मसाला, फणसाची साठं, ऑफिससाठी खाजं आणि पाच पिशव्यांत गुंडाळलेले सुके बांगडे. पहाटे ठाण्याला उतरलो. दहा वाजता मी मीटिंगमध्ये होतो आणि बायको तिच्या बँकेच्या काउंटरवर. मधल्या पाच तासांत काय काय झालं हे विचारू नका.

आता नोंदी.

खाजं: अकरा मिनिटं. डबा उघडल्यापासून रिकामा होईपर्यंत. टीममधल्या हैदराबादच्या मुलाने आल्याचा तिखटपणा लागल्यावर रेसिपी मागितली.

वाळू: चौथ्या धुण्यापर्यंत. मुलाच्या खिशात शिंपले निघाले ते वेगळे.

मुलीची मालवणी: आठ दिवस. पहिल्या दिवशी पोळीभाजी बघून ‘माका नको’ असं ठणकावून सांगितलं. आजीसारखं कमरेवर हात ठेवून. मग शाळेच्या वह्या आल्या, कव्हरं आली, खालच्या मैत्रिणी आल्या. नवव्या दिवशी ‘मला नको’ झालं. पोळीभाजी नकोच होती, भाषा तेवढी बदलली.

सुके बांगडे: अजून चालू. १ जून ते ३१ जुलै राज्यात यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते, म्हणून कोकणातल्या घरांनी मे महिन्यात मासे वाळवून पावसाची बेगमी करायची ही जुनी रीत. ही रीत आठव्या मजल्यावर पाळायची तर खिडक्या कधी बंद करायच्या आणि कधी उघडायच्या याचं शास्त्र शिकावं लागतं. समोरच्या काकू आता फक्त ‘आज बांगडा का?’ एवढंच विचारतात. ही प्रगती आहे.

आणि आंबे: दहा दिवस. आंबे कच्चे आणले होते, पलंगाखाली पेंढ्यात अढी लावली. आंबा पिकताना इथिलीन वायू सोडतो, तो शेजारच्या आंब्यालाही पिकायला लावतो, आणि पेंढा ऊब धरून ठेवतो. (बाजारात हेच काम घाईने करायला कॅल्शियम कार्बाइड वापरतात. आपल्याकडे त्यावर बंदी आहे, तरी वापरतात.) गोम अशी की एखादा आंबा सडला तर शेजारच्यांनाही घेऊन जातो. म्हणून रोज अढी तपासायची. रोज रात्री साडेनऊला आईचा फोन यायचा, ‘आंबे परतलंस काय रे? एखादो कुसको गावलो तर बाजूक काढ, नायतर सगळे कुसतले.’

दहाव्या दिवशी शेवटचा आंबा संपला. अकराव्या रात्री साडेनऊला फोन आला आणि दोन्हीकडे थोडा वेळ कोणी काही बोललं नाही. विचारायला आंबेच उरले नव्हते. मग आई म्हणाली, ‘पाऊस लागलो. लाईट गेली हा.’

माझ्या सगळ्या नोंदींत ही एकच नोंद मी बायकोला वाचून दाखवली.

वडील गेल्यापासून आई त्या घरात एकटी राहते. मे महिन्यात आमचं गाव भरलेलं असतं. प्रत्येक अंगणात गाडी, प्रत्येक विहिरीवर मुंबईची पोरं. मग जून येतो. २००१ च्या जनगणनेत सिंधुदुर्गाची लोकसंख्या ८,६८,८२५ होती आणि २०११ मध्ये ८,४९,६५१. अख्खा महाराष्ट्र वाढत असताना आमचा जिल्हा दहा वर्षांत १९,१७४ माणसांनी कमी झाला. दर हजार पुरुषांमागे १,०३६ स्त्रिया. पुरुष कुठे आहेत? ठाण्यात, फोनवर ‘पाऊस किती आहे’ विचारतायत. २०२५ च्या गणपतीआधी तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी सरकारी कागदांत ‘चाकरमानी’ऐवजी ‘कोकणवासीय’ म्हणा अशी सूचना दिली. शब्द बदलायला काहीच हरकत नाही. पण वर्षातले पंधरा दिवस वास करणाऱ्याला कोकणवासीय म्हटलं की मला उगाच अवघडल्यासारखं होतं.

‘आईंना इकडे घेऊन येऊ या’ हे आमच्याकडे दर जूनला बोलून होतं. दर जूनला आईचं उत्तर ठरलेलं: ‘माणूस नसलो तर घर रवणा नाय.’ हा हट्ट नाही, बांधकामशास्त्र आहे. चिऱ्याच्या भिंती आणि कौलांचं घर पावसाळाभर बंद ठेवलं की ओल धरतं, वाशांना वाळवी लागते, एक कौल सरकलं तरी खालची खोली जाते. आमच्याच वाडीतली कुलूप लावलेली घरं तिने एकेक करून बसताना बघितली आहेत.

तर त्या रात्री बायको म्हणाली, ‘आपल्याला सुट्टी मेमध्ये लागते. आईंना माणूस जुलैमध्ये लागतो.’

मी लॉग लिहीत बसलो होतो आणि तिने दोन वाक्यांत बग शोधून दिला!

माझं ऑफिस वर्षातून चार आठवडे कुठूनही काम करू देतं. ते आठवडे आम्ही सुट्टीला जोडून मेमध्येच वापरतो. पुढल्या वर्षी मेची सुट्टी आठ दिवसांची, आणि ते चार आठवडे जुलैत, मी एकटा, मालवणात. यंदाचे दोन शिल्लक आहेत, ते याच जुलैत. हे फुकट नाही. शाळेच्या दिवसांत दोन मुलं, डबे, रिक्षा, पालकसभा, सगळं तिच्या एकटीवर येणार. मुलगी आत्ताच रुसली आहे, कारण आजीकडचे पंधरा दिवस आठवर आले. लाईट गेल्यावर मीटिंगचं काय, हा प्रश्न मॅनेजरने विचारलाच आहे. इन्व्हर्टरची किंमत बघून ठेवली.

रात्री साडेनऊच्या फोनवर आईला सांगितलं. मला वाटलं, ‘कशाक येतंस, माझा काय अडता?’ असं काहीतरी येईल. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘ये. येताना ते आंब्याचे खोके घेवन ये. हय फुकट मेळणत नाय ते.’

खोके सध्या गॅलरीत रचून ठेवलेत. परतीच्या प्रवासाला नग तीन.