वाटणीपत्रात नसलेला वारसा

घर, शेत, दुकान यांच्या वाटण्या कागदावर होतात. रडणाऱ्या लेकराला कुशीत घ्यायचं की दटावून गप्प करायचं, ही सवय कागदाशिवायच पुढच्या पिढीकडे येते.

आमच्या अब्बांची आई ते सात वर्षांचे असताना वारली. नातेवाइकांनी वाढवलं, जेवूखाऊ घातलं. पण रडायला पदर उरला नव्हता. पुढे आम्हा भावंडांपैकी कुणी रडलं की अब्बा उठून अंगणात जायचे. आम्हाला वाटायचं, रागावले. आता वाटतं, अशा वेळी काय करायचं असतं, हे त्यांना कुणी दाखवलंच नव्हतं.

मूल आणि त्याला सांभाळणारं माणूस यांच्यातल्या ओढीचा सिद्धान्त जॉन बोल्बी या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञाने मांडला. त्यांच्या सहकारी मेरी एन्सवर्थ यांनी आधी युगांडात आणि मग अमेरिकेत आई-बाळांचं निरीक्षण केलं. आई खोलीबाहेर गेली तरी काही बाळं रडत नसत आणि ती परतल्यावर तोंड फिरवत. बघणाऱ्याला वाटावं, किती शहाणं बाळ! पण पुढच्या अभ्यासांत अशा बाळांच्या हृदयाचे ठोके मोजले, तेव्हा ते वाढलेले आढळले. बाळ शांत नव्हतं, त्याने फक्त मागणं सोडलं होतं.

१९८०च्या दशकात मेरी मेन यांनी आईवडिलांनाच त्यांच्या बालपणाबद्दल विचारलं. बालपण सुखाचं होतं की दुःखाचं, यापेक्षा ते कसं सांगितलं जातं, याचा मुलांशी जास्त संबंध दिसला. ‘सगळं छान होतं’ म्हणून एकही आठवण न सांगू शकणाऱ्यांची मुलं बरेचदा दूर राहणारी निघाली. दुःख सरळ, समजून सांगणाऱ्यांची मुलं बहुधा निर्धास्त होती.

हे आपल्या देवरीत फार लागू पडतं. तालुक्यातल्या आश्रमशाळांत गोंड, हलबा घरांतली लहान लहान मुलं वसतिगृहात राहतात. त्या शाळा नसत्या तर कित्येकांच्या हाती पाटीही आली नसती, हे विसरता येत नाही. आज मुलाला पोहोचवायला येणारे काही बाप स्वतः तिथंच वाढलेले असतात. मूल हात सोडत नाही, तेव्हा बाप म्हणतो, “रडतोस कशाला? आम्ही नाही का राहिलो?” त्याच बापाने पुढे एवढं म्हटलं, की “मलाही पहिल्या रात्री झोप आली नव्हती”, तर? शाळा तीच, शिस्तही तीच. पण आपलं रडणं बापाला कळतं, हे मुलाला समजेल.

मला दहा मुलं आहेत, एकाचाही मुका घेतलेला नाही, असं अक्रा बिन हाबिस यांनी सांगितलं तेव्हा, जो दया करत नाही त्याच्यावर दया होत नाही, असं पैगंबरांनी उत्तर दिल्याचं हदीसमध्ये आहे. अब्बांना ही हदीस तोंडपाठ होती. तरी आईच्या जाण्याबद्दल ते पहिल्यांदा बोलले माझ्या मुलीपाशी, वयाच्या सत्तरीत. तिने सहज विचारलं होतं, “दादा, तुमची अम्मी कशी होती?”

तुमच्या घरात हा प्रश्न कुणी विचारलाय का? वडीलधारी माणसं आहेत तोवर विचारून बघा.