सम-विषम ओळी

नव्या सिनेमाची फाइल असली की डीकोडरच्या सेटिंगमध्ये फारसं काही करावं लागत नाही. काम ग्राफिक चिपवर सोपवायचं, प्रोसेसर निवांत राहतो, विषय संपला. घरच्या लग्नाची जुनी डीव्ही कॅसेट संगणकावर उतरवून मोठ्या टीव्हीवर लावली, की मात्र कस लागतो.

आपल्याकडच्या पॅल पद्धतीत सेकंदाला २५ फ्रेम, पण प्रत्येक फ्रेम दोन फील्डांची. एका फील्डमध्ये सम ओळी, दुसऱ्यात विषम. दोन्ही वेगवेगळ्या क्षणी टिपलेल्या, म्हणजे सेकंदाला ५० क्षण. जुना काचेच्या ट्यूबचा टीव्ही ते तसेच एकापाठोपाठ दाखवायचा. एलसीडीवर दोन्ही फील्ड एकत्र चिकटली, की वरातीत नाचणाऱ्यांच्या हातांना कंगव्यासारखे दात फुटतात. त्यावर उपाय डीइंटरलेसिंग, म्हणजे फील्डांपासून सलग चित्रं बनवणं. लॅव्ह फिल्टर्स या डीकोडरमध्ये तिथे ‘फिल्म’ आणि ‘व्हिडिओ’ असे दोन पर्याय आहेत. मी ‘व्हिडिओ’ घेतो, मग ५०च्या ५० चित्रं मिळतात. कॅमेऱ्याने टिपलेली निम्मी हालचाल आपण का टाकून द्यायची?

पुढे फील्डांचा क्रम. डीव्हीत खालचं फील्ड आधी येतं, डीव्हीडीत बहुधा वरचं. फाइलमध्ये नोंद चुकीची असेल तर ‘ऑटो’ हा पर्याय बिनदिक्कत तीच खरी मानतो, आणि मामा पुढे जाता जाता दर पावलाला मागे खेचल्यासारखे थरथरतात. हे स्थिर चित्रात कळत नाही. अंतरपाटामागची स्तब्ध वधू तपासायला निरुपयोगी. मी पंगतीवरून फिरणारा कॅमेरा शोधतो.

मग काळा रंग. व्हिडिओत काळा १६वर आणि पांढरा २३५वर, संगणकात ० आणि २५५. संगणक आणि टीव्ही यांचा हिशेब जुळला नाही, तर काळा एकतर राखाडी होतो किंवा सगळं गिळून टाकतो. नवरदेवाच्या कोटाच्या घड्या दिसल्या म्हणजे जमलं. घरातली मंडळी ‘जरा ब्राइट कर ना’ म्हणतातच. त्यासाठी टीव्हीचा रिमोट आहे, डीकोडर नव्हे. शार्पनेस वाढवणाऱ्या फिल्टरना तर मी हातच लावत नाही. चेहऱ्यांच्या कडांभोवती रेघा उमटतात.

व्हीएचएसवरून आलेल्या चित्राच्या तळाशी फाटल्यासारखी एक पट्टी दिसते. जुन्या टीव्हीच्या चौकटीमागे ती झाकली जायची. ती कापायला हरकत नाही, पण डीइंटरलेसिंग झाल्यावर. वरून कापायचं तर विशेष जपावं. तिथून आधीच विषम संख्येने ओळी कापल्या, तर जुळवलेला क्रम पुन्हा उलटतो.