दुसऱ्याची बंदूक

आमच्या घराण्यात शस्त्र म्हणून जे काही होते ते विळी, अडकित्ता आणि खंडेनवमीस हळदकुंकू लावण्यात येणारी आजोबांची लेखणी, इतकेच. पदवी पदरात पाडून आम्ही केंद्र सरकारच्या सेवेत शिरलो, तेव्हा या शस्त्रागारात भर पडली ती टाचण्यांची आणि रबरी शिक्क्यांची. असे असता, देहरादूनला बदली झाल्यापासून पावसाळ्यातले रविवार आम्ही एक बंदूक साफ करण्यात घालवितो, हे गावी कळविण्याचे धैर्य आम्हांला अद्याप झालेले नाही.

बंदूक अर्थात आमची नव्हे, घरमालकांची. वनखात्यातून निवृत्त झालेले हे गढवाली गृहस्थ ऐंशीच्या पुढे आहेत. बंदूक मूळ त्यांच्या वडिलांची. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला, शिकार संपली, आणि मग उरली ती नुसती बंदूक आणि तिचा परवाना. वर्षातून एकदा नेमबाजीच्या मैदानावर जाऊन मातीच्या तबकड्यांवर चार बार काढावयाचे, एवढाच आता तिचा उद्योग. साहेबांचे हात कापू लागल्यापासून सफाई आमच्याकडे आली. ते समोर खुर्ची टाकून बसल्याखेरीज आम्ही तिला स्पर्शही करीत नाही. परवाना कोणाच्या नावावर आहे, हे कारकुनाला निराळे सांगावे लागत नाही.

ही बारा बोअरची ब्राउनिंग. जॉन ब्राउनिंग या अमेरिकन कारागिराने १९०० साली या अर्धस्वयंचलित रचनेचे पेटंट मिळविले. पण त्याच्या देशातील कारखानदाराशी त्याचे जमेना, म्हणून तो बेल्जियममध्ये लिएजजवळच्या एर्स्तालला गेला आणि बंदूक तिथे तयार होऊ लागली. पाठीला कुबड असल्यासारखा तिचा चौकोनी आकार प्रथम आम्हांला फार कुरूप वाटला होता. बार उडाला की हिची सबंध नळीच खटक्यासह मागे सरकते; मग नळी एकटी पुढे जाते, रिकामे काडतूस बाहेर फेकले जाते, आणि मागाहून खटका नवे काडतूस घेऊन पुढे येतो. कचेरीत साहेब आणि फाइल यांचे येणेजाणे इतके शिस्तीने झालेले आम्ही पाहिलेले नाही!

सफाईचा आरंभ ठरलेला. खटका मागे ओढून आत काडतूस नाही हे डोळ्यांनी पाहावयाचे, बोटाने चाचपावयाचे, आणि साहेबांना दाखवावयाचे. त्यांनी मान हलविली की पुढचे झाकण फिरवून लाकडी पकड काढावयाची आणि नळी सोडवावयाची. नळी सुटी होत असल्यामुळे गज मागच्या बाजूने घालता येतो. आधी पितळी ब्रश, मग चिंधीमागून चिंधी, ती पांढरी निघेपर्यंत. काडतुसांच्या खोक्यावर खडकीच्या कारखान्याचे नाव असते. ते वाचताना हिमालयाच्या पायथ्याशी आम्हांला क्षणभर पुण्याची लोकल दिसते. शेवटी बाहेरून तेलाचा पुसट हात. घामेजल्या बोटाचा ठसा राहिला तर येथल्या दमट हवेत त्याच ठशाच्या आकाराचा गंज उमटतो. चामड्याची पिशवी दिसायला झोकदार, पण ती ओल धरते. म्हणून बंदूक कपाटात उघडीच ठेवावयाची. दस्त्याला जवसाचे तेल.

या सगळ्यात खरी मेख आहे ती काडतुसांच्या नळकांड्यावरील स्प्रिंगपाशी. तेथे एक पोलादी कडे आणि काशाची एक चाप असते. नळी मागे येताना ही चाप नळकांड्याला आवळते आणि धक्का गिळते. जोरदार काडतुसे वापरावयाची तर कडे स्प्रिंग आणि चाप यांच्यामध्ये, उतरती कड चापेकडे करून. हलकी असतील तर ते स्प्रिंगच्या मागे, कामावाचून. "तेल कम, बाबूजी, पोंछना ज़्यादा," हे वाक्य साहेबांनी आम्हांला किती वेळा ऐकविले असेल!

गेल्या वर्षी पाऊस हटेना. गंजाच्या धास्तीने आम्ही त्या नळकांड्याला चांगले सढळ हाताने तेल चोपडले आणि पुसले नाही. साहेबांचा डोळा लागला होता. त्यांना उठविणे आम्हांला बरे वाटले नाही. दसऱ्यानंतर ते मैदानावर गेले. तेलावरून चाप घसरली, नळी ब्रेक नसलेल्या गाडीसारखी मागे आदळली, आणि तिसऱ्या बाराला वडिलांच्या वेळेची ती अक्रोडाची पकड उभी चिरली.

आम्ही शेजारीच उभे होतो. कारण आम्हांला तत्क्षणी कळले. त्यांनाही कळले असावे, कारण पकड काढताच त्यांचे बोट आधी नळकांड्यावर फिरले आणि तेलाने चकाकले. ते बोट त्यांनी रुमालाला पुसले. "लकडी पुरानी थी," एवढेच ते म्हणाले. कचेरीत असा शेरा आम्ही पुष्कळांच्या चुकांवर मारला आहे. स्वतःच्या चुकीवर तो दुसऱ्याने मारलेला ऐकणे हा निराळाच अनुभव. घरी आल्यावर आम्ही कबुली दिली. त्यांनी चहा मागविला.

चीर सरसाने सांधली आहे. ती दिसते. यंदा आमच्या बदलीचा हुकूम आला आहे, आणि परवान्याच्या नूतनीकरणाची तारीखही जवळ आली आहे. परदेशातल्या मुलाला बंदूक नको. ती परवानाधारक विक्रेत्याकडे ठेवून द्यावी, असे साहेबांच्या मनात आहे. परवाच्या रविवारी तरीही ती निघाली. कडे बसविताना आम्ही थबकलो, तेव्हा साहेबांनी हात पुढे केला, नळकांड्यावरून कोरडे बोट फिरविले, ते उजेडात धरून पाहिले, आणि मान हलविली.