मासे का मेले? : आमच्या वर्गातला एक धडा



आपण इथे नेहमी यशस्वी झालेले उपक्रम वाचतो. आज मी माझी एक चूक सांगणार आहे.

आमच्या चौथीच्या वर्गात खिडकीजवळ काचेची एक टाकी आहे. चाळीसेक लिटरची, एका माजी विद्यार्थ्याने दिलेली. त्यात आरोग्य सेवकांनी आणून दिलेले गप्पी मासे. डासांच्या अळ्या खातात म्हणून पाण्याच्या हौदात सोडतात ना, तेच. जानेवारीत सहा होते, जुलैपर्यंत चौदा झाले. दाणे टाकायचं काम एका मुलाकडे होतं. हा मुलगा वर्गात फारसा बोलत नाही, पण टाकीजवळ उभा राहिला की त्याचा चेहरा खुलायचा.

जुलैत पाणी हिरवट दिसू लागलं. शनिवारी सकाळची शाळा. सुटायच्या वेळी मी मासे बादलीत काढले, टाकी पूर्ण रिकामी केली, खडे चोळून धुतले, मोटरचा स्पंज नळाखाली पांढरा होईपर्यंत पिळला. नळाचं ताजं पाणी भरलं, मासे सोडले आणि कुलूप लावून घरी गेले. मनात समाधान, की टाकी कशी लख्ख झाली!

सोमवारी दार उघडलं तर अकरा मासे मेलेले.

मुलांचा एकच गलका झाला, "बाई, यानंच जास्त दाणे टाकले!" आणि मी काय केलं? क्षणभरही विचार न करता म्हणाले, "तुला किती वेळा सांगितलं, चिमूटभरच टाकायचं म्हणून?" तो काही बोलला नाही. मधल्या सुट्टीतही टाकीकडे फिरकला नाही.

बुधवारी शाळा सुटल्यावर तो दाराशी घुटमळत राहिला. मग हळूच म्हणाला, "बाई, शनवारी मी दाणे टाकलेच नव्हते. तुम्ही टाकी धूत होता ना."

मित्रांनो, खरं सांगते, मला उत्तर सुचलं नाही. परिसर अभ्यासाच्या तासाला "आधी निरीक्षण, मग निष्कर्ष" असं मीच शिकवते. इथे मात्र मी निष्कर्ष आधी काढला होता.

दुसऱ्या दिवशी वर्गासमोर त्याची माफी मागितली. मग फळ्यावर एकच प्रश्न लिहिला : शुक्रवार आणि सोमवार यांच्या मध्ये काय काय बदललं? मुलांनी भराभर सांगितलं. पाणी बदललं. सगळंच बदललं. खडे धुतले. स्पंज धुतला. यादीतलं एकही काम त्या मुलाचं नव्हतं. सगळी माझी होती.

मग आम्ही ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकांना बोलावलं. त्यांनी नळाच्या ताज्या पाण्याची ओ.टी. चाचणी केली. पाणी पिवळं झालं, म्हणजे टीसीएल पावडरीतला क्लोरीन त्यात होता. आदल्या संध्याकाळपासून उघड्या बादलीत ठेवलेल्या पाण्याचीही चाचणी केली. त्याला रंग जवळजवळ आलाच नाही. क्लोरीन हवेत उडून गेला होता. आपल्याला रोगजंतूंपासून वाचवणारा हा क्लोरीन माशांच्या नाजूक कल्ल्यांना मात्र जाळतो.

पण गोष्ट इथे संपली नाही. उरलेल्या तिघांसाठी आम्ही मुरवलेलंच पाणी वापरलं, तरी पुढच्या आठवड्यात आणखी एक मासा गेला. आता काय? पुन्हा फळ्यावरच्या यादीकडे वळलो. स्पंज!

मासे कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात. तो त्यांच्यासाठी विषच. स्पंजात आणि खड्यांवर राहणारे जीवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग बरंच कमी घातक नायट्रेट करतात. ही वसाहत नीट वसायला चार ते सहा आठवडे लागतात. मी ज्याला घाण समजून नळाखाली धुऊन टाकलं, ती माशांची सफाई खातीच होती!

मग मासे नक्की कशाने मेले? क्लोरीनने, अमोनियाने, की पाणी एकदम बदलल्याच्या धक्क्याने? आम्ही वहीत लिहिलं, "तिन्ही शक्य. पहिल्या अकरांसाठी क्लोरीनचा संशय जास्त. खात्री नाही." एका मुलीने विचारलं, "बाई, खात्री नाही असं लिहिलं तर चालतं?" मी म्हटलं, "चालतं. खोटी खात्री चालत नाही."

तुमच्या वर्गात किंवा घरी टाकी असेल, तर एवढं सांभाळा :

१. सगळं पाणी एकदम बदलू नका. आठवड्याला पाव टाकी पुरे.
२. नळाचं पाणी उघड्या बादलीत २४ तास ठेवा. काही शहरांत क्लोरामाइन वापरतात, ते असं उडत नाही. त्यासाठी दुकानात क्लोरीन घालवणारे थेंब मिळतात.
३. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलका पिळा.
४. नवं पाणी टाकीतल्या पाण्याइतकंच कोमट-गार असू द्या.
५. मासे मेले तर कुणी केलं हे विचारण्याआधी काय बदललं ते लिहून काढा.

पाचवा मुद्दा फक्त माशांपुरता नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. घरात कप फुटतो, वर्गात खडूचा डबा हरवतो, आणि आपलं बोट सवयीने एकाच मुलाकडे जातं. जो गप्प बसतो, त्याच्याकडे.

आता टाकीत नऊ मासे आहेत. दाणे टाकायचं काम पुन्हा त्याच मुलाकडे आहे. पाणी बदलायचं काम मात्र माझ्याकडून काढून घेतलंय. दर शुक्रवारी तो बादली भरून ठेवतो आणि मला बजावतो, "बाई, उद्यापर्यंत हात लावू नका हं!"