गडगेवाल्यांचा नंबर

"हॅलो, कुंपणवाले ना?"

सकाळचे सव्वाआठ. गॅसवर फोडणी तडतडतेय, धाकट्याच्या शर्टाचं बटण माझ्या हातात आणि फोन खांद्याने कानाशी धरलेला. "नाही हो, राँग नंबर," म्हणून मी ठेवला. दहा मिनिटांनी पुन्हा तोच आवाज. "अहो बाई, पुस्तकात हाच नंबर आहे!"

मैत्रिणींनो, तेव्हापासून जवळजवळ वर्षभर मी कुंपणवाली होते. ते कसं, ते सांगते.

३ जून २०२० च्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ आलं. आमच्या आंजर्ल्यात माड-पोफळी नुसत्या पडल्या नाहीत, त्या आजूबाजूच्या गडग्यांवर पडल्या. कोकणाबाहेरच्या मैत्रिणींसाठी सांगते, गडगा म्हणजे जांभ्या दगडांची, चुना-सिमेंट न लावता नुसती रचलेली भिंत. कौलं उडाली ती लगेच दिसली, पण गडगा पडल्याचा खरा त्रास महिना-दोन महिन्यांनी जाणवू लागला. मोकाट गुरं थेट आगरात. रात्री डुकरं. पडलेल्या माडांच्या जागी लावलेली रोपं सकाळी उठून पाहावीत तर शेंडे गायब! माडाचा शेंडा गेला की ते रोप गेलंच. पुन्हा लावायचं आणि पुन्हा पाच-सात वर्षं वाट पाहायची.

मुंबई-पुण्याहून घरं दुरुस्त करायला येणाऱ्यांची कामगार शोधताना फार तारांबळ उडे. म्हणून काही सज्जनांनी एक छोटी पुस्तिका छापली. त्यात गवंडी, सुतार, कौलं चाळणारे, वायरमन आणि एका पानावर 'गडगा व कुंपण'. तिथे एका गृहस्थांचं नुसतं आडनाव (आणि आमच्याकडे एका आडनावाची पन्नास घरं!) आणि पुढे माझा नंबर! शेवटचे दोन आकडे उलटे पडले होते, पस्तीसच्या जागी त्रेपन्न. छापणाऱ्याचा हात एवढासा चुकला, आणि माझा फोन दिवसभर वाजू लागला.

कुणी थेट भाव विचारी. एक साहेब म्हणाले, "तुमच्या मालकांना द्या." आमच्या ह्यांना दिला, तर हे हसून म्हणाले, "घे एखादं काम! शाळेत अर्धवेळ शिकवून मिळतात त्यापेक्षा बरे मिळतील." शाळेत फोन बंद ठेवावा, तर मधल्या सुट्टीत सात-आठ मिस्ड कॉल.

केळशीच्या एका आजींचा तीनदा आला. मुलगा मुंबईत, घरात त्या एकट्या. "गो बाई, गुरं पार विहिरीपर्यंत येतात. मी काठी घेऊन किती धावू?" राँग नंबर आहे हे त्यांना काही पटेना. तिसऱ्या वेळी मी जरा तोडूनच बोलले. नंतर त्यांचा फोन आला नाही. मला बरंच वाटलं तेव्हा.

मग मी पत्र लिहिलं. मराठी घेऊन बी. ए. झालेय, पत्र कसं झोकदार झालं म्हणून सांगू! 'सदर क्रमांक माझा खाजगी असून त्यामुळे मला अकारण मनस्ताप होत आहे, तरी तो त्वरित काढून टाकावा.' ह्यांना मोठ्याने वाचूनसुद्धा दाखवलं. पुस्तिकावाल्यांचं नम्र उत्तर आलं, की पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती करू. दिलेला शब्द त्यांनी पाळला. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ येऊन गेलं, त्यानंतर नवी आवृत्ती निघाली. तिच्यात माझा नंबर नव्हता. फोन कमी झाले. चला, सुटले एकदाची, असं म्हणून मी तो विषय डोक्यातून काढून टाकला.

आमचा स्वतःचा मागचा गडगा मात्र अजून पडलेलाच होता. झाप आणि काटे लावून सासूबाईंनी दीड वर्ष रेटलं. शेवटी ह्यांनी हर्णैच्या कुणाच्या ओळखीने एक गडगेवाले आणले. वय पन्नाशीच्या पुढे, बोलणं कमी. आधी पडलेल्या ढिगातून जुने चिरे निवडायला बसले. "वैनी, ह्यातले निम्म्याहून जास्त चालतील. नवे कशाला आणता?" खाली रुंद, वर निमुळता, असा गडगा चढत होता. सिमेंटने का नाही सांधत, मी विचारलं. म्हणाले, पावसाचं पाणी फटींतून निघून जातं, कोंडलं की भिंत पोट काढते. तारेचं कुंपणही ते करतात. पण खारा वारा तार खातो, म्हणून अगदी समुद्राकडच्या बाजूला ते आपणहून गडगाच सुचवतात. खांब दीड-दोन फूट जमिनीत गेलेच पाहिजेत आणि कोपऱ्याच्या खांबाला तिरपा टेकू हवाच, नाहीतर तार ताणली की खांब आत झुकतो. अशी माहिती मला आधी असती, तर त्या भाव विचारणाऱ्या साहेबांना मी गप्प केलं असतं! भाव खणाईसकट आहे की वेगळा, चिऱ्यांची वाहतूक कोणाकडे, जुना माल किती वापरणार, हे विचारल्याशिवाय नुसत्या फुटाच्या भावाला काही अर्थ नसतो.

दुसऱ्या दिवशी अडव्हान्स देताना मी त्यांचा नंबर मागितला. त्यांनी पाकिटाच्या पाठीवर लिहिला. मी म्हटलं, "अहो, माझा का लिहिलात?" मग नीट पाहिलं. शेवटी पस्तीस.

माझ्या तोंडून शब्द फुटेना. ते आपल्याच नादात म्हणाले, "एका पुस्तकात माझं नाव छापलं होतं म्हणतात. वर्षात एक फोन नाही आला. आणि आता मुलगा सांगतो, नव्या पुस्तकात नावच नाही. कोणीतरी माझ्या कामाची तक्रार केली असणार, वैनी."

मी 'नंबर काढा' लिहिलं होतं. बरोबर नंबर कोणता, हे शोधावं असं माझ्या मनातही आलं नव्हतं. त्यांनी बिचाऱ्यांनी आख्खी ओळच काढून टाकली! एवढे फोन आले, पण ते कोणाच्या वाट्याचे होते, हे एकदाही मनात येऊ नये?

दुपारी चहा घेऊन गेले आणि सगळं सांगून टाकलं. ते चिडले नाहीत. हातातला चिरा खाली ठेवून एवढंच विचारलं, "किती आले असतील फोन?"

मला सांगता येईना. मोजलेच नव्हते.

त्या रात्री दुसरं पत्र लिहिलं. ह्या वेळी झोकदार वाक्यं नाहीत. पहिल्या आवृत्तीतलं पान, चुकीची ओळ जशी छापली तशी, आणि खाली ती कशी हवी ते, आकडे अंकांत आणि अक्षरांतही. पूर्ण नाव, गाव, कोणतं काम करतात आणि कोणतं करत नाहीत (लोखंडी फाटक करत नाहीत). हे सगळं त्यांना वाचून दाखवून त्यांची सही घेतली. शेवटी लिहिलं, की त्यांच्या कामाबद्दल कोणाचीही तक्रार नव्हती, माझं पहिलं पत्र अपुरं होतं, आणि नवी आवृत्ती निघेपर्यंत उरलेल्या प्रतींना एक चिठ्ठी चिकटवावी. चार दिवसांनी फोन करून पत्र पोचल्याची खात्री केली. चिठ्ठ्या निघाल्या. आंजर्ले, मुर्डी, आडे इथल्या दुकानांत ठेवलेल्या प्रतींवर त्या मी आणि माझ्या मुलीने बसून डकवल्या.

केळशीच्या आजींचा नंबर फोनमधून केव्हाच गेला होता. महालक्ष्मीच्या देवळाच्या बाजूला घर, एवढं बोलण्यात आलेलं आठवत होतं. गडगेवाले एका कामावरून परतताना मुद्दाम तिकडे वळले. घराला कुलूप होतं. शेजारणीने सांगितलं, आजी गेल्या दिवाळीत मुलाकडे गेल्या, एकटीला निभेना. आगराला कुंपण नव्हतंच.

जुन्या प्रती अजून कुणाकुणाच्या खुंटीला लटकत असणार, कारण अधूनमधून फोन येतोच. स्वयंपाकघराच्या दारामागे मी मोठ्या अक्षरांत नंबर चिकटवून ठेवलाय. परवा एक बाई सगळं लिहून घेऊन म्हणाल्या, "आपण त्यांच्या ऑफिसातून बोलताय का?"

कुकरची तिसरी शिट्टी होत होती. मी म्हटलं, "हो. आणि जुने चिरे टाकून देऊ नका, त्यांना आधी दाखवा."