कपाटातील श्रवणयंत्र

जिल्ह्याच्या मासिक बैठकीत ज्या कामाचा आकडा सांगता येतो ते काम झाले आणि ज्याचा सांगता येत नाही ते राहिले, असा एक अलिखित नियम आपल्या प्रशासनात आहे. नोकरीची पहिली कित्येक वर्षे मीही याच नियमाने काम केले. त्याबद्दल पहिली शंका आली ती एका खेड्यातील शाळेचे लोखंडी कपाट उघडून पाहिल्यावर.

सन २००८ मध्ये छोटानागपूरच्या पठारावरील एका जिल्ह्यात मी उपायुक्त होतो. आपल्याकडे ज्याला जिल्हाधिकारी म्हणतात, त्याला तिकडे उपायुक्त म्हणतात, आणि तालुक्यासारख्या विकासगटाला प्रखंड. त्या वर्षीच्या जानेवारीत एका प्रखंडाच्या ठिकाणी आम्ही अपंग विद्यार्थ्यांसाठी साहित्यवाटपाचे शिबिर घेतले. (तेव्हा सरकारी कागदावर 'अपंग' हाच शब्द होता, 'दिव्यांग' हा नंतरचा.) कानपूरच्या एलिम्को या सरकारी कंपनीकडून तीनचाकी सायकली, कुबड्या, कॅलिपर आणि श्रवणयंत्रे आली होती. मांडव होता, भाषणे झाली, पालकांचे अंगठे घेतले गेले. 'उद्दिष्टपूर्ती १०० टक्के' असा अहवाल राजधानीला गेला. त्याखाली सही माझी होती.

जुलैमध्ये पावसाची दोन दिवस उघडीप मिळाली तेव्हा त्याच प्रखंडातील एका प्राथमिक शाळेत मी न कळवता गेलो. दोन खोल्या, एक मुख्याध्यापक आणि दोन पारा शिक्षक, म्हणजे मानधनावरचे गावातलेच शिक्षक. तिसरीच्या वर्गात मुख्याध्यापकांनी मोठ्या कौतुकाने एका मुलीची वही माझ्या हाती दिली. "अक्षर पाहा सर, सगळ्या शाळेत असे अक्षर नाही." अक्षर खरोखर देखणे होते. पाने उलटताना माझ्या लक्षात आले की प्रत्येक पानावर वरच्या कोपऱ्यात एका दुसऱ्याच मुलीचे नाव लिहिलेले आहे. ही मुलगी जन्मापासून ऐकू शकत नव्हती. शेजारच्या मुलीची वही ती रोज जशीच्या तशी उतरवून काढीत असे, वरच्या नावासकट. तिला त्यातील एक शब्दही वाचता येत नव्हता आणि वर लिहिलेले नाव आपले नव्हे, हेही ठाऊक नव्हते.

मी यंत्राविषयी विचारले. मुख्याध्यापकांनी कपाट उघडून प्लॅस्टिकमध्ये नीट गुंडाळलेली पेटी काढली आणि जडसंग्रह नोंदवहीतील नोंदही दाखवली. माणूस प्रामाणिक होता. त्यांनी सांगितलेली हकीकत अशी. सुरुवातीला यंत्र मुलीच्या खिशात घालून वायर कानाला लावली. कानात बसणारा साचा तिच्या कानाच्या मापाचा नव्हता, त्यामुळे यंत्र शिट्टी घालू लागले. मुले हसली, मुलीने ते काढून टाकले. पुढे सेल संपले. नवे सेल कोणत्या शीर्षाखाली घ्यायचे हे कुणी सांगितले नव्हते. घरी दिले तर हरवेल आणि लेखापरीक्षणात आपल्याकडून वसुली होईल, म्हणून त्यांनी ते कपाटात ठेवले. त्यांची चूक मला काढता येईना.

कार्यालयात परतल्यावर मी या मुलीची नोंद मागवली. नाव, वय, अपंगत्वाचा प्रकार, शाळेत दाखल : होय, उपकरण दिले : होय, हजेरी : चांगली. एकही रकाना रिकामा नव्हता.

इथे थोडी मागची माहिती द्यायला हवी. अपंग मुलांनी सर्वसाधारण शाळेत शिकावे ही शिफारस कोठारी आयोगाने १९६६ मध्येच केली होती. त्यासाठीची केंद्राची एकात्म शिक्षण योजना १९७४ मध्ये सुरू झाली, तीही समाजकल्याण खात्याकडून. शिक्षण खात्याकडे ती १९८२ मध्ये आली. पण विशेष शाळा समाजकल्याणाकडेच राहिल्या, आणि ही वाटणी आजतागायत पुरती मिटलेली नाही. १९९५ च्या कायद्याने अपंग मुलांना अठरा वर्षे वयापर्यंत मोफत शिक्षण द्यायचे ठरले. सर्व शिक्षा अभियानाने 'कोणत्याही मुलाला नकार नाही' हे धोरण मांडले आणि अशा प्रत्येक मुलामागे वर्षाला १२०० रुपये ठेवले. या रकमेतून शिबिर, उपकरणे, शिक्षकांचे प्रशिक्षण, प्रवासभत्ता आणि विशेष शिक्षकांचे मानधन हे सारे भागवायचे होते. शाळांना रॅम्प बांधायचे ते बांधकामाच्या निधीतून. रॅम्पला एक फूट चढण्यासाठी बारा फूट लांबी द्यावी लागते. आमच्याकडच्या अनेक रॅम्पना तीन-चार फूट लांबी होती. मुलांनी त्यांच्या उत्तम घसरगुंड्या केल्या होत्या. अहवालात मात्र रॅम्पची संख्या तेवढी लिहायची असते, उतार कुणी विचारत नाही.

त्या प्रखंडात सुमारे १४० शाळा होत्या, यादीवर दोनशेच्या वर अपंग मुले आणि त्यांच्यासाठी दोन विशेष शिक्षिका. तिकडे त्यांना रिसोर्स टीचर म्हणत. दोघीही भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी झालेल्या. एकीचे प्रशिक्षण श्रवणदोषाचे, दुसरीचे दृष्टिदोषाचे. मतिमंद, सेरेब्रल पाल्सी असलेली, एकाहून अधिक दोष असलेली मुलेही त्यांनाच पाहायची. राज्याच्या नमुन्यानुसार प्रत्येक शाळेला भेट अपेक्षित होती. हिशेब सोपा आहे. वर्षाला साधारण २२० शालेय दिवस, दोघींच्या मिळून ४४० भेटी, म्हणजे एका शाळेला वर्षातून तीन. त्यातून शिबिरे आणि सभांचे दिवस वजा करायचे.

श्रवणदोषाचे प्रशिक्षण घेतलेल्या बाईंना मी बोलावून घेतले. तिशीच्या असतील. भाड्याच्या जीपमागे उभे राहून प्रवास करून करून आवाज बसलेला. मी विचारले, त्या मुलीला यंत्र लावायला तुम्ही शिकवले नाही का? त्या म्हणाल्या, "सर, कानाला यंत्र लावणे म्हणजे डोळ्यांना चष्मा लावणे नव्हे. तिला नऊ वर्षांत आवाज म्हणजे काय हेच माहीत नाही. तो ओळखायला रोज शिकवावे लागते. मी वर्षातून तीनदा जाते. दर वेळी मला नव्याने ओळख करून घ्यावी लागते." मग काय हवे? त्यांनी आधीच विचार केलेला असावा, कारण उत्तर लगेच आले. "आठवड्यातून दोन दिवस, तीच मुले, आणि वर्गशिक्षक माझ्याशेजारी बसलेले."

त्या आठवड्यात मी एक आदेश काढला. दोघींनी मिळून फक्त दहा शाळा घ्याव्यात. प्रत्येकीने पाच शाळांत आठवड्यातून दोनदा जावे, दिवसाला दोन शाळा. सहावा दिवस प्रखंडाच्या साधन केंद्रात. कानाचे साचे मापाने बनवून आणण्याची व्यवस्था केली. सेलसाठी वेगळे शीर्ष नव्हतेच, पण शाळेला उपकरणे वापरण्याजोगी ठेवण्यासाठी दरवर्षी अनुदान मिळत असे. त्यातून सेल घ्यावेत असे मी लेखी दिले. लेखी मिळाल्यावर मुख्याध्यापकांना अडचण राहिली नाही.

पुढच्या आढाव्यात 'भेट दिलेल्या शाळा' या रकान्यात आमच्या त्या प्रखंडाचा आकडा ७ टक्क्यांवर आला. व्हिडिओ कॉन्फरन्समध्ये आमचे नाव शेवटच्या ओळीत वाचले गेले आणि मला खुलासा विचारण्यात आला. मी खुलासा दिला. त्या वेळी मला स्वतःचा थोडा अभिमानही वाटत होता, हे कबूल केले पाहिजे.

वर्षभराने त्या शाळेत गेलो. मुलगी बोलू लागली नव्हती, आणि तसे कुणी आश्वासनही दिले नव्हते. पण ढोल, घंटा आणि हाक हे तीन आवाज ती वेगळे ओळखत होती. साठ-सत्तर शब्द ती समजून वाचत होती आणि खुणांनी सांगत होती. वहीवर तिचे स्वतःचे नाव होते. याहून मोठा बदल मला वर्गशिक्षकात दिसला. ते फळ्याकडे तोंड करून बोलायचे थांबले होते. आधी वळायचे, मग बोलायचे. याचा फायदा वर्गातील चाळीसही मुलांना होत होता.

ही हकीकत इथेच थांबवता आली असती तर बरे झाले असते.

त्या हिवाळ्यात एका मंगळवारी जनता दरबारात एक शेतकरी आला. बाजूला सायकल लावून बराच वेळ उभा होता. त्याच्या मुलाला सेरेब्रल पाल्सी होती आणि त्याची शाळा माझ्या दहा शाळांत नव्हती. त्याने विचारले की ती दीदी आता येत का नाही. मी समजावून सांगितले. तीन भेटींनी मुलाला काही शिकवता येत नाही, म्हणून आम्ही थोड्या शाळा नीट करतो आहोत, मग हळूहळू बाकीच्या, असे बरेच काही. त्याने ऐकून घेतले आणि म्हणाला, "हुजूर, दीदी तीनदाच यायची हे खरे. पण ती येणार असली की मास्तर माझ्या पोराला आत बसवायचे. आता तो व्हरांड्यातच असतो."

माझ्या हिशेबात ही गोष्ट नव्हती. वर्षातून तीन भेटी शिकवायला निरुपयोगी होत्या, पण कुणीतरी पाहायला येणार आहे, या धाकाने एक दार तेवढे दिवस उघडे राहत होते. माझ्या आदेशाने दहा शाळांतील चाळीसेक मुलांना शिक्षिका मिळाली आणि उरलेल्या १३० शाळांतील दीडशेच्या वर मुलांचा हा धाकही गेला. कोणती मुले सोडायची हे मी ठरवले होते, आणि ते ठरवताना त्यांतल्या एकाचेही तोंड पाहिले नव्हते.

मी काय केले? बाईंचा साधन केंद्रातील सहावा दिवस काढून ती शाळा अकरावी म्हणून घातली. बाई काही बोलल्या नाहीत. पुढच्या महिन्यात आणखी दोन पालक आले. त्यांच्यासाठी सातवा दिवस नव्हता. मास्तरांना नोटीस काढली, तिचा उपयोग किती झाला असेल याची कल्पना वाचकांनी करावी. २०१० मध्ये माझी बदली झाली आणि माझ्यानंतर आलेल्या अधिकाऱ्यांनी जुने वेळापत्रक पुन्हा लागू केले. त्यांना दोष देता येत नाही. त्यांच्या जागी बसून नमुन्याकडे पाहिले तर तेच बरोबर दिसते.

दोन शिक्षिका दहा शाळांत वाटाव्यात की १४० शाळांत, हा प्रश्नच खोटा होता. खरा प्रश्न त्या दोनच का होत्या, हा होता. त्याचे उत्तर मला पुढे सचिवालयात खर्चाच्या फायली तपासताना मिळाले. सायकल किंवा श्रवणयंत्र ३१ मार्चच्या आत विकत घेता येते आणि खाते बंद होते. विशेष शिक्षकाचे नियमित पद निर्माण केले तर पुढची तीस वर्षे पगार, मग निवृत्तिवेतन. अशी पदे मागणारा एक प्रस्ताव माझ्याकडे आला तेव्हा मी त्यावर शेरा लिहिला, "आवर्ती दायित्व लक्षात घेता तूर्त मानधन तत्त्वावर भरावे." कपाट मी स्वतः उघडून पाहिले होते, तो शेतकरी माझ्यासमोर उभा राहिला होता, आणि तरी हा शेरा माझ्याच हातचा आहे. त्या टेबलावर बसले की पेन आपोआप तसे चालते.

दरम्यान कायदे बरेच झाले. शिक्षणहक्काचा कायदा २००९ चा, आणि २०१२ च्या दुरुस्तीने अपंग मुले त्याच्या वंचित गटात आली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सातऐवजी एकवीस प्रकार मानले. ज्यांना शिक्षक 'मठ्ठ' म्हणून सोडून देतात, ती विशिष्ट अध्ययन अक्षमता असलेली मुलेही त्यात आहेत. २०१८ पासून समग्र शिक्षा योजनेत प्रतिमूल रक्कम ३५०० रुपये झाली. खरा अंकुश आला तो ऑक्टोबर २०२१ मध्ये. रजनीश कुमार पांडे यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिक स्तरावर दहा मुलांमागे एक आणि त्यावरच्या वर्गांत पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण सांगितले. केंद्राने ते सप्टेंबर २०२२ मध्ये अधिसूचित केले. माझ्या त्या प्रखंडाला हे माप लावले तर दोनांच्या जागी वीसच्या आसपास शिक्षक लागतात. तरीही राज्यांत पदे निघेनात, म्हणून मार्च २०२५ मध्ये न्यायालयाला पुन्हा आदेश द्यावा लागला. पदे अधिसूचित करा, आणि वर्षानुवर्षे करारावर असलेल्या शिक्षकांची पात्रता छाननी समितीकडून तपासून घ्या.

त्या आदेशानंतर काही महिन्यांनी मला एक फोन आला. आवाज बसलेला होता, म्हणून मी लगेच ओळखला. बाई अजून मानधनावरच आहेत, आता दुसऱ्या प्रखंडात. छाननीसाठी अनुभवाचे पुरावे जोडायचे होते आणि आधीच्या वर्षांची कागदपत्रे कार्यालयात सापडत नव्हती. त्यांच्याजवळ माझ्या त्या दहा शाळांच्या आदेशाची प्रत होती, मागे पेनने अकरावी शाळा लिहिलेली. "सर, एवढे चालेल का? त्यावर सही तुमची आहे, पण जावक क्रमांक नाही."

क्रमांक टाकायचे माझ्या कार्यालयाकडूनच राहिले होते. मी त्यांना प्रत पाठवून द्यायला सांगितले आहे. सोबत जोडायला एक प्रमाणपत्र मी लिहून देणार आहे. निवृत्त अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र समिती ग्राह्य धरते की नाही, ते अजून कळायचे आहे.