कढणाची रेघ

मार्गशीर्ष सरत आला, वाड्याच्या चौकातील उन्हे चार वाजायच्या सुमारासच भिंतीवर चढून नाहीशी होऊ लागली, आणि दिवेलागणीला तुळशीपाशी निरांजन ठेवून परतताना फरशीचा गारवा तळपायांना झोंबू लागला, की माझ्या स्वयंपाकघरात रात्रीच्या पोळ्यांची संख्या निम्म्यावर येते आणि शेगडीवर एक खोलगट पातेले चढते. त्यात कधी कुळथाचे कढण असते, कधी मुगाचे, कधी टोमॅटोचे सार. बाजूला तव्यावर भाजलेला एखादा पापड किंवा ज्वारीची अर्धी भाकरी असली म्हणजे त्या रात्रीची भोजनाची तजवीज पुरी होते. गेली ३५ वर्षे हा शिरस्ता आमच्या घरी अव्याहत चालत आला आहे. तो मी ज्या चुकीतून शिकले, ती चूक आजही नवख्या हातांकडून होताना दिसते, म्हणून हे सविस्तर लिहावेसे वाटले.

मी लग्न होऊन या घरात आले त्याच वर्षी मामंजी कचेरीतील अव्वल कारकुनाच्या हुद्द्यावरून सेवानिवृत्त झाले होते. हिवाळ्याच्या आरंभी त्यांना दीर्घ ज्वराने ग्रासले, आणि उतार पडल्यावर रात्रीचा आहार लघु असावा, अशी वैद्यांनी सक्त ताकीद दिली. 'लघु' या शब्दाचा मी लावलेला अर्थ सरळ होता: मूठभर मूग शिजवावेत, ते घोटावेत, आणि त्यांत पाणी ओतीत जावे. मामंजी ते मुकाट्याने पीत, वाटी बाजूला ठेवीत आणि 'छान झाले' म्हणून उठत. चौथ्या रात्री, सारे घर निजल्यावर, फडताळातील लाडवांच्या डब्याचे झाकण अगदी हलक्या हाताने उघडल्याचा आवाज मला ऐकू आला. तक्रारीचा एक शब्दही न काढणाऱ्या त्या वृद्ध माणसाला मी रोज उपाशी निजवीत होते, हे मला त्या आवाजाने कळले, आणि मी उजाडेपर्यंत जागी राहिले.

सकाळी सासूबाईंना सारे सांगितले. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी पातेले पुढे ओढले आणि एवढेच म्हणाल्या, "अगं, तू पाणी वाढवलंस. कढण हे कढवायचं असतं."

त्या एका वाक्यात या पाककलेचे सारे मर्म आहे, असे मी आज निःशंकपणे म्हणते. थोडा ऐवज पुष्कळ पाण्यात पसरून टाकणे ही एक क्रिया, आणि पुष्कळ पाण्याने धान्याचा अंतर्भाग शोषून घ्यावा, मग ते पाणीच मंद आचेवर आटत आटत गाढ व्हावे, ही दुसरी. पहिलीतून पदार्थ पातळ होतो आणि दुसरीतून हलका. पातळ पोटाला फसविते, हलके पोटाला निवविते.

सासूबाईंनी मला प्रथम शिकविले ते कुळथाचे कढण. कोकणात भातकापणीनंतर जमिनीत उरलेल्या ओलीवर जे कुळीथ पेरतात, त्यालाच देशावर हुलगा म्हणतात, आणि माळरानाच्या हलक्या जमिनीतही तो तग धरतो. एक वाटी कुळीथ खड्यांसाठी नीट निवडून, धुऊन रात्रभर भिजत घालावेत. सकाळी ते पाणी काढून टाकून आठ वाट्या ताजे पाणी घालावे आणि दाणा बोटांत सहज चिरडेपर्यंत शिजवावेत. या वेळी आमसूल किंवा चिंच घालण्याचा मोह आवरावा, कारण आंबटाच्या सान्निध्यात कडधान्याचे दाणे मऊ होण्याचे नाकारतात. शिजल्यावर पाणी गाळून घ्यावे. दाण्यांची उसळ दुसऱ्या दिवशीच्या डब्याला होते. त्यांतला एक पळीभर दाणा मात्र पाट्यावर बारीक वाटून या पाण्यात परत मिसळावा, म्हणजे त्याला अंग येते. मग ते पाणी मंद आचेवर ठेवावे आणि पातेल्याकडे पाहत राहावे.

पाहायचे ते काय? आरंभी पाणी जिथपर्यंत होते तिथे पातेल्याच्या आतल्या कडेला एक तांबूस रेघ उमटते. कढण जसजसे आटते तसतसे ते या रेघेपासून खाली सरकते. रेघेखाली दोन बोटे जागा रिकामी झाली, की आच बंद करावी. मीठ घालण्याची वेळ ही. आधी घातलेले मीठ पाण्याबरोबर आटत नाही. पाणी जाते आणि ते मागे राहून सारा बेत खारट करते. आमसुले चार पुरतात आणि तीही आताच. शेवटी लोखंडी पळीत चमचाभर तूप तापवून जिरे, ठेचलेली लसूण आणि कणभर हिंग यांची फोडणी द्यावी आणि तत्काळ झाकण ठेवावे. जिऱ्यालसणीचा गंध स्निग्धांशात उतरतो, आणि तुपाचा तो पातळ तवंग पृष्ठभागावर पसरून आतली ऊब वाफेवाटे उडून जाऊ देत नाही. कढण शेवटच्या घोटापर्यंत उष्ण राहते ते यामुळे. उष्ण असल्याने ते सावकाश प्यावे लागते, आणि सावकाश प्यायल्याने पोटाला आपण जेवलो याची जाणीव होण्यास अवधी मिळतो.

आपल्या प्राचीन वैद्यांनी या द्रव अन्नाकडे किती सूक्ष्म दृष्टीने पाहिले होते, हे मला पुढे वाचनातून कळले. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील दुसऱ्याच अध्यायात २८ यवागू, म्हणजे पेजेचे प्रकार, सांगितल्या आहेत. शोधनकर्मानंतर रुग्णाला अन्नावर आणताना प्रथम पेया म्हणजे पातळ पेज, मग विलेपी म्हणजे दाट पेज, त्यानंतर स्नेहलवणावाचून केलेला अकृत यूष म्हणजे कढण आणि मग त्यांनी संस्कारलेला कृत यूष, असा क्रम आहे. तूप आणि मीठ यांना तेथे मुभा मिळते, पण आपल्या पाळीने. मामंजींच्या वाटीत अशी कोणतीही पायरी मी पाळली नव्हती. ज्वर उतरलेल्या माणसाला मी पहिल्याच पायरीवर अडकवून ठेवले होते. संस्कृतात शिजविलेल्या डाळीला सूप म्हणतात, स्वयंपाक्याला सूपकार आणि पाकविद्येला सूपशास्त्र. इंग्रजी सूपशी या शब्दाचे ध्वनिसाम्य आहे, तेवढ्यावरून नाते मानण्याची घाई मी करीत नाही. परंतु एका संपूर्ण शास्त्राने आपले नाव या साध्या पदार्थावरून घ्यावे, यात मला त्या पदार्थाचा मोठा सन्मान वाटतो.

साराची शिस्त कढणाहून निराळी. टोमॅटो उकडून, साल काढून, चाळणीतून गाळून घेतले की त्यांत नारळाचे दूध घालायचे. पण पहिल्या वर्षी मी ते खळखळत्या रसात ओतले आणि डोळ्यांदेखत त्याच्या गुठळ्या झाल्या. आंबटपणा आणि प्रखर आच यांचा अंमल एकाच वेळी त्या दुधाला सोसत नाही. तेव्हापासून मी आधी रसाला चमचाभर तांदळाची पिठी लावून तो एकदा उकळून घेते, पातेले खाली उतरविते, आणि वाफ ओसरल्यावर दूध धारेने सोडून केवळ गरम करते. शिवाय ते पातेले पितळेचे असेल तर कल्हई शाबूत आहे ना, हे आधी पाहते. उघड्या पितळेला आंबट रस लागला की त्यातील तांबे अन्नात उतरते. कढणाला वेळ द्यावा लागतो, साराला नेमकी वेळ साधावी लागते. जुन्या गृहिणींच्या हातात हे दोन्ही गुण एकत्र नांदत.

त्या हिवाळ्यात, पौषाच्या एका रात्री, मी मामंजींपुढे पहिले खरे कढण ठेवले. त्यांनी वाटी दोन्ही हातांत धरली, बोटे शेकली, पहिला घोट घेतला आणि काही बोलले नाहीत. वाटी रिकामी झाल्यावर त्यांनी ती माझ्यापुढे केली आणि आणखी अर्धी मागितली. त्या रात्री मी बराच वेळ कान देऊन जागी होते. फडताळाचा आवाज आला नाही.

आज मामंजी नाहीत, सासूबाईही नाहीत. हल्ली कुळीथ कुकरमध्ये शिजतात आणि तासांचे काम मिनिटांवर आले आहे. त्याचे मला दुःख नाही, कारण शिजणे कुकर करतो, आटवणे अजून माझ्याकडेच आहे. सांजवेळी मी उघड्या पातेल्याशी उभी राहते. तांबूस रेघ वर राहते, कढण खाली सरकते, आणि मधल्या त्या दोन बोटांच्या रिकाम्या जागेत जे पाणी होते, ते मी कोणाच्याही वाटीत जाऊ दिले नाही, याचे समाधान घेऊन मी पाने मांडावयास वळते.